चेलोवाल्याची एकादशी

पहाटे ५
रात्रभर पाऊस झालाय. जबलपूरचा आषाढ माणसांना सुखावतो, लाकडाला नाही. पिशवीची चेन उघडतानाच मनात येतं, खुंट्या फुगल्या असणार. तसंच निघालं. मे महिन्यात तक्रार उलटी असते: हवा इतकी कोरडी की खुंटी आपोआप सुटते आणि तार लोंबत बसते. आज खुंटी जागची हलेना. उपसून काढली, साबणाचा हात दिला, वर पेन्सिलीचं शिसं घासलं, पुन्हा बसवली. मग जाडी तार पांढरी एकला, तिच्यावरच्या पांढरी पाच, दोन आणि सहाला. प्रत्येक तार खालच्या तारेचा पंचम. पेटीवाल्याला एवढं सांगितलं की चेलोची निम्मी ओळख झाली.

५.३०
रियाज म्हणजे काय वाजवता, असं लोक विचारतात. पहिला पाऊण तास काहीच नाही. चार उघड्या तारा आणि गज. एक ओढ वीस सेकंदांची. मुठीकडे गज जड असतो, टोकाला हलका. आवाजाला मात्र हा फरक कळता कामा नये. हात दाबायचा नाही, त्याचं वजन सोडायचं. गज परत फिरवताना बारीक खरखर येते, ती घालवण्यात माझी तीस वर्षं गेली. अजून शिल्लक आहे.

७.३०
चहा. बिस्किटाच्या डब्याकडे हात गेला तेवढ्यात आतून आवाज आला, "अहो, एकादशी आहे!" साबुदाण्याची खिचडी नऊपर्यंत होईल म्हणे. कोपऱ्यावरून खोव्याची जिलबी आणतो म्हटलं; आमच्या गावात ती उपासाला चालते. गोडाच्या बाबतीत जबलपूरने धर्मशास्त्राला नेहमीच सांभाळून घेतलंय.

९.३०
राइट टाउनातल्या आमच्या पुढच्या खोलीत शिकवणी. व्हायोलिनची सात मुलं, चेलोची एकच मुलगी. तेरा वर्षांची. पूर्ण मापाचा चेलो तिला पेलत नाही, म्हणून पाऊण मापाचा. वडील फॅक्टरीत. आज गज हातात घेण्याआधी तिने विचारलं, "सर, इसमें करियर बनता है क्या?" प्रश्न वडिलांचा असावा, आवाज तिचा होता.

मी तिला नारेक हाखनाझारियानची गोष्ट सांगितली. जन्म १९८८, आर्मेनियातलं येरेवान. वडील व्हायोलिनवादक, आई पियानोवादक. देशाची लोकसंख्या जेमतेम ३० लाख. शाळा येरेवानची, पुढे मॉस्को, मग बॉस्टन. २०११ साली चायकोव्स्की स्पर्धेत चेलोचं पहिलं बक्षीस, वय २२. ही स्पर्धा चार वर्षांतून एकदा भरते. त्यानंतर जगभरचे वाद्यवृंद.

"मतलब बनता है," ती म्हणाली.

मी फोनवर त्याचं एक संथ वादन लावलं. म्हटलं, डोळे मीट आणि गज कुठे परत फिरतो तिथे बोट वर कर. तीनदा लावलं. तिचं बोट एकदाही वर गेलं नाही. चौथ्यांदा लावा म्हणाली नाही. गुपचूप पांढरी एकवर गज ओढत बसली. वडिलांना काय सांगायचं ते तिचं तिने ठरवावं.

दुपारी १
दुरुस्तीची वेळ. घोडी पुढे झुकलीय. ती चिकटवलेली नसते, तारांच्या दाबाने उभी राहते. रोज सुरात लावताना तारा तिला केसभर पुढे ओढतात. दोन्ही अंगठ्यांनी मागे घेतली, श्वास रोखून. घसरली तर चारही तारा सैल पडतात आणि आतली काडीही कोसळू शकते. ती पुन्हा उभी करणारा कारागीर इथे नाही. चेलो घेऊन मुंबई गाठावी लागते.

४
खाचातुरियानची चेलो कॉन्चेर्टो ऐकत पडलो. १९४६ची रचना, आर्मेनियन घराण्यातल्या माणसाची. चाल अशी वळत जाते की आपला कान राग शोधायला लागतो. पण त्यासाठी एवढ्या लांब जायलाही नको. कटनी ओलांडलं की मैहर. तिथे बाबा अल्लाउद्दीन खाँनी गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अनाथ मुलं गोळा करून वाद्यवृंद उभा केला. बंदुकीच्या नळ्या कापून नलतरंग केला, आणि सतारी-इसराजांच्या पंगतीत चेलोलाही बसवलं. आमच्या गावात १९०४ पासून तोफांचे गाडे बनतात. शेजारच्या गावात नळ्यांतून सूर निघाला. आज दिल्लीत सास्किया राव-द हास तरफांच्या तारा असलेला, मांडी घालून वाजवायचा चेलो वाजवतात. माझा मात्र अजून खुर्चीच मागतो.

संध्याकाळी ७
भजन. सगळी मंडळी सतरंजीवर, मी एकटा खुर्चीवर. मागून हाक आली, "काका, जरा खाली बसता का? दिसत नाही." खाली बसलो तर गज जमिनीला लागेल. शेवटी भिंतीकडे सरकलो. चेलोचा खिळा सतरंजीला भोक पाडू नये म्हणून घरून पोळपाट मागवला, त्यावर टेकवला. पखवाज लागला, पहिला अभंग सुरू झाला आणि माइकवाल्याने घूं घूं ऐकून खालचे सूर सगळे काढून टाकले. म्हणजे मलाच काढून टाकलं. मी हातवारे केले, त्याने हात हलवून नमस्कार केला.

दुसऱ्या अभंगाला माइक बाजूला सारला. दोन्ही मिळून आठ मिनिटं. भिंतीला टेकलेल्या एक आजी नंतर म्हणाल्या, "तुमचं ते मोठं व्हायोलिन भिंतीतून पाठीत वाजत होतं हो. बरं वाटलं."

रात्री १०
गजाचा ताण सैल केला. ताणलेला ठेवला तर काठी वाकते. तारांवरची राळ कोरड्या फडक्याने पुसली. पावसाची पुन्हा सुरुवात झालीय. पेन्सिल पिशवीच्या वरच्या कप्प्यातच ठेवली. सकाळी पुन्हा लागणार आहे. पोळपाट मात्र तिथेच विसरलो, आणि उद्या बारस.