चोपड्यापासून संगणकापर्यंत : वाढत्या पेढीने हिशेबाची प्रणाली कशी निवडावी?

दीपावलीच्या पहाटे भगवान महावीरांच्या निर्वाणाचे स्मरण होते आणि त्याच पर्वात पेढीवर चोपडापूजनही होते. नव्या वहीच्या पहिल्या पानावर कुंकवाने स्वस्तिक रेखले जाते, ‘शुभ’ आणि ‘लाभ’ ही अक्षरे लिहिली जातात. गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागांतील अनेक पेढ्यांवर आता वहीच्या शेजारी लॅपटॉपही ठेवला जातो आणि त्यालाही कुंकवाचे बोट लागते. यात विसंगती काहीच नाही. पूर्वी व्यापाऱ्याचे वर्षच दिवाळी ते दिवाळी असे. १९८९-९० या करआकारणी वर्षापासून प्राप्तिकर कायद्याने सर्वांसाठी १ एप्रिल ते ३१ मार्च हे एकच वर्ष ठरवून दिले. पूजन दिवाळीतच राहिले, हिशेब मात्र मार्चअखेर मिटू लागला. परंपरेचा भाव जपून साधन बदलणे व्यापारी समाजाला नवे नाही. प्रश्न आहे तो साधन पारखून घेण्याचा.

वहीची शक्ती आणि तिची मर्यादा

लाल कापडात बांधलेली वही हे कच्चे साधन कधीच नव्हते. रोकडमेळ रोज सायंकाळी जुळलाच पाहिजे, जमा आणि नावे या दोन्ही बाजूंची नोंद झालीच पाहिजे आणि रोजमेळातील प्रत्येक रक्कम खातेवहीत उतरलीच पाहिजे, ही शिस्त त्या वहीनेच पिढ्यानपिढ्या शिकवली. व्हेनिसमध्ये १४९४ साली लुका पाचोली यांच्या ग्रंथातून द्विनोंदी पद्धत छापून प्रसिद्ध झाली. देशी नामा पद्धतीतही देणारा आणि घेणारा अशा दोन्ही बाजू पाहण्याची दृष्टी होतीच.

वहीची मर्यादा होती ती माणसाच्या स्मरणाची. कोणत्या गिऱ्हाइकाला किती उधारी द्यावी, कोणाची वसुली सणाआधीच करावी, कोणता माल गोदामाच्या कोणत्या कोपऱ्यात आहे, हे सारे मेहताजींच्या डोक्यात असे. एक दुकान, एक गल्ला आणि एक मेहताजी असेतोवर हे उत्तम चालते. दुसरे दुकान निघाले, भिवंडीला गोदाम घेतले, मुलाने मोबाइलवरून ऑर्डरी घेण्यास सुरुवात केली, की एकाच मालाचे तीन ठिकाणी तीन आकडे होतात. मेहताजी आजारी पडले की वसुली थांबते. पेढी वाढली, पण तिची स्मृती एकाच माणसापाशी राहिली, तर ती वाढ धोक्याची असते. हिशेबाची प्रणाली घेण्याचे खरे कारण हेच आहे. कर भरण्याची सोय हे त्यानंतरचे कारण.

एका व्यापाऱ्याची गरज आणि ‘टॅली’चा जन्म

भारतात सर्वाधिक परिचित असलेल्या ‘टॅली’ची कथा या दृष्टीने बोधप्रद आहे. श्यामसुंदर गोएंका हे कारखान्यांना व कापडगिरण्यांना कच्चा माल आणि यंत्रांचे सुटे भाग पुरवणारे व्यापारी. व्यवसाय वाढला तेव्हा हिशेबासाठी त्यांनी संगणकाचा मार्ग शोधला. परंतु बाजारात मनाजोगी प्रणाली मिळेना. तेव्हा त्यांनी गणिताचे पदवीधर असलेले आपले पुत्र भरत गोएंका यांना ती लिहिण्यास सांगितले. १९८६ साली बंगळुरूमध्ये ‘प्युट्रॉनिक्स’ या नावाने उद्योग सुरू झाला. पुढे तोच ‘टॅली सोल्युशन्स’ झाला. भरत गोएंका यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली.

या प्रणालीच्या यशाचे एक कारण साधे होते. त्या काळच्या अनेक प्रणालींत प्रत्येक खात्याला सांकेतिक क्रमांक द्यावा लागे. व्यापारी तर गिऱ्हाईक नावाने ओळखतो, क्रमांकाने नव्हे. टॅलीने खाते नावानेच उघडू दिले. वहीत बसणाऱ्या माणसाला ते तत्काळ आपले वाटले. यातून निवडीचा पहिला नियम मिळतो : प्रणालीने व्यापाऱ्याच्या सवयीला समजून घेतले पाहिजे. जी वापरताना मेहताजी रोज अडखळतात, ती कितीही नामांकित असली तरी त्या पेढीची नव्हे.

आज टॅलीखेरीज ‘बिझी’, ‘मार्ग’, ‘झोहो बुक्स’, ‘व्यापार’ असे अनेक पर्याय उपलब्ध आहेत. यांपैकी सर्वांत चांगली कोणती, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. आपल्या धंद्याला कोणती नोंद सर्वांत महत्त्वाची आहे, हे आधी ठरवावे लागते.

धंदा तशी प्रणाली

दादरच्या हिंदमाता परिसरातील कपड्यांच्या घाऊक व्यापाऱ्याचा विचार करावा. तयार कपड्यांत रंग, माप आणि किंमत यांप्रमाणे एकाच मालाचे पन्नास प्रकार होतात. शिवाय येथे किमतीवर कराचा दर ठरतो. २२ सप्टेंबर २०२५ पूर्वी एक हजार रुपयांपर्यंतच्या नगाला ५ टक्के आणि त्यावर १२ टक्के जीएसटी होता. त्या दिवसापासून अडीच हजारांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के झाला. अठराशे रुपयांची कुर्ती एका रात्रीत १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आली. आधी विकलेला माल नंतर परत आला तर त्याची नोंद जुन्याच दराने व्हावी लागते. म्हणून दर तारखेनुसार सांभाळणारी प्रणाली या धंद्यात अनिवार्य ठरते.

लालबागच्या मसाल्याच्या व्यापाऱ्याची अडचण निराळी. पोत्याने आलेली मिरची, धणे, हळद निवडली जाते, भाजली जाते, दळली जाते आणि पाकिटांत भरली जाते. पोत्यातील वजन आणि पाकिटांतील वजन कधीच सारखे नसते. निवडण्यात, भाजण्यात आणि दळण्यात घट येते. कच्च्या मालाचे पक्क्या मालात रूपांतर आणि त्यातील घट जी प्रणाली नोंदवत नाही, ती मसाल्याच्या एका किलोचा खरा खर्च सांगूच शकत नाही. मग विक्री वाढते आणि नफा कोठे गेला ते कळत नाही.

परळला केईएम, टाटा, वाडिया अशी मोठी रुग्णालये आहेत. तेथील औषधांच्या व्यापाऱ्याला प्रत्येक औषधाचा बॅच क्रमांक आणि मुदत संपण्याची तारीख लागते. ज्याची मुदत आधी संपणार तो माल आधी बाहेर पडावा, याची आठवण प्रणालीने करून दिली पाहिजे.

गिरगावात ऑपेरा हाऊसच्या परिसरात हिऱ्यांचा व्यापार आहे. तेथे माल जांगडवर जातो. दलालाच्या हाती पाकीट दिले, पण विक्री झाली नाही. माल आपलाच, ताबा मात्र दुसऱ्याचा. पसंतीसाठी पाठवलेला असा माल सहा महिन्यांत विकला गेला नाही किंवा परत आला नाही, तर जीएसटी कायद्यानुसार त्याचे बिल करावे लागते. म्हणून जांगड मालाची यादी विक्रीपासून वेगळी ठेवणारी आणि मुदत जवळ आली की सूचना देणारी प्रणाली हवी.

असे प्रत्येक धंद्याचे मर्मस्थान असते. विक्रेत्याने दाखवलेल्या नमुन्यावर विसंबू नये. आपल्याच पेढीची दहा अवघड बिले समोर ठेवून ती करून दाखवण्यास सांगावे : परत आलेला माल, अर्धी रक्कम रोख व अर्धी उधार, दलाली, जांगड, घट. दहापैकी आठ सहज झाली तर पुढचे बोलणे करावे.

कायद्याची मागणी

१ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाल्यापासून हिशेब ही केवळ घरची बाब राहिलेली नाही. ई-इन्व्हॉइसची सक्ती १ ऑक्टोबर २०२० रोजी पाचशे कोटींहून अधिक उलाढालीच्या व्यवसायांपासून सुरू झाली. पायरीपायरीने खाली येत १ ऑगस्ट २०२३ पासून ती पाच कोटींहून अधिक उलाढालीवर आली. २०१७-१८ पासूनच्या कोणत्याही एका मागील वर्षी ही मर्यादा ओलांडली असेल, तरी नियम लागू होतो. साडेतीन-चार कोटींच्या पेढीने प्रणाली निवडताना आजचा आकडा पाहू नये, दोन वर्षांनंतरचा पाहावा.

खरेदीच्या बाजूला तर प्रत्यक्ष पैसा गुंतलेला असतो. पुरवठादाराने आपले बिल विवरणात दाखवले आणि ते जीएसटीआर-२बी मध्ये उतरले, तरच खरेदीदाराला कराची वजावट मिळते. म्हणून आपली खरेदी आणि २बी यांचा ताळा दर महिन्याला घालून देणारी सोय अत्यावश्यक आहे. शिवाय बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पुरवठादाराला रक्कम दिली नाही, तर घेतलेली वजावट व्याजासह परत करावी लागते. सूक्ष्म व लघुउद्योगांतील उत्पादकांचे पैसे करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात. ही मुदत टळली तर तो खर्च, रक्कम प्रत्यक्ष दिली जाईल त्या वर्षीच प्राप्तिकरात धरला जातो. कोणाचे देणे किती दिवसांचे झाले, ही यादी एका कळीवर मिळाली पाहिजे. भिवंडीच्या गोदामातून माल निघाला की ई-वे बिलही आले. राज्यांतर्गत वाहतुकीसाठी महाराष्ट्रात एक लाख रुपयांची, तर परराज्यात जाणाऱ्या मालासाठी पन्नास हजारांची मर्यादा आहे.

खाडाखोडीचा प्रश्न

कंपनी म्हणून नोंदलेल्या व्यवसायांना १ एप्रिल २०२३ पासून आणखी एक बंधन आहे. कोणती नोंद कोणी, केव्हा आणि काय बदलली याचा माग ठेवणारी आणि तो माग बंद करता न येणारी प्रणालीच त्यांनी वापरली पाहिजे. मालकी किंवा भागीदारी पेढीला हे बंधन नाही. तरीही ही सोय असलेली प्रणाली घेणे शहाणपणाचे आहे.

जुन्या वहीत खाडाखोड निंद्य मानली जाई. चुकलेली रक्कम खोडण्याऐवजी उलटी नोंद करून दुरुस्त केली जाई. संगणकाने खाडाखोड अदृश्य केली. माग ठेवण्याच्या सोयीने ती पुन्हा दृश्य केली. श्रावकाच्या सत्य अणुव्रताच्या अतिचारांत ‘कूटलेखक्रिया’, म्हणजे खोटा लेख करणे, हा दोष तत्त्वार्थसूत्राने सांगितला आहे आणि अचौर्याच्या अतिचारांत खोट्या मापांचा उल्लेख आहे. कायद्याने आज जे मागितले, ते या परंपरेने व्यापाऱ्याकडून फार पूर्वीच अपेक्षिले होते. याच न्यायाने, परवाना न घेता चोरीची प्रत वापरणे हाही अचौर्याचाच प्रश्न आहे. व्यवहारातही ती महाग पडते : कायद्यातील बदल तिच्यात उतरत नाहीत आणि संकटसमयी मदतीला कोणी येत नाही.

हिशेब कोणाच्या घरी ठेवावा?

प्रणाली आपल्या संगणकावर ठेवावी की इंटरनेटवरील सर्व्हरवर, हा पुढचा निर्णय. आपल्या संगणकावर हिशेब आपल्या ताब्यात राहतो. पण मुसळधार पावसात हिंदमाताला पाणी भरते, हे दादरकरांना सांगावे लागत नाही. तळमजल्यावरच्या संगणकात एकमेव प्रत असेल, तर पेढीची सारी स्मृती एका पावसावर अवलंबून राहते. सर्व्हरवरील प्रणाली गिरगावातून आणि भिवंडीतून एकाच वेळी पाहता येते. परंतु वर्गणी थांबली की दार बंद होते. परदेशी कंपनीची ‘क्विकबुक्स’ ही सेवा २०२३ मध्ये भारतातून बंद झाली तेव्हा येथील ग्राहकांना आपला हिशेब दुसरीकडे न्यावा लागला. म्हणून घेण्यापूर्वीच विचारावे : उद्या सोडायचे ठरले तर सर्व खाती, बिले आणि साठा कोणत्या स्वरूपात बाहेर काढता येईल? जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपाव्या लागतात. प्रणाली बदलली तरी जुना हिशेब तेवढा काळ उघडता आला पाहिजे.

प्रत रोज काढावी. एक पेढीवर आणि एक पेढीबाहेर ठेवावी. महिन्यातून एकदा ती प्रत खरोखर उघडते का, हे पाहावे. न उघडणारी प्रत ही प्रत नव्हेच.

बदल करताना

नवी प्रणाली १ एप्रिलला सुरू करणे सर्वांत सोयीचे. त्यापूर्वी तेरीज जुळवावी, मालाची प्रत्यक्ष मोजणी करावी आणि मोठ्या गिऱ्हाइकांकडून शिल्लक मान्य करून घ्यावी. जुना घोळ नव्या यंत्रात घातला, तर तो केवळ अधिक वेगाने वाढतो. पहिले दोन महिने जुनी आणि नवी पद्धत बरोबर चालवावी. दोन्हींची शिल्लक सलग जुळली की जुनी थांबवावी. सी.ए.चा सल्ला खरेदीनंतर नव्हे, आधी घ्यावा.

मेहताजींना या बदलातून वगळणे ही मोठी चूक होईल. त्यांच्या डोक्यातील ज्ञान नव्या प्रणालीत उतरवायचे असेल, तर पहिली खुर्ची त्यांचीच हवी. टॅलीसारख्या प्रणालीत मराठी आणि गुजरातीतही काम करता येते; भाषेपायी कोणी मागे राहण्याचे कारण नाही. अधिकार मात्र वेगळे ठेवावेत. बिल करणाऱ्याने ते रद्द करू नये आणि रक्कम देणाऱ्यानेच बँकेचा ताळा घालू नये. हा अविश्वास नव्हे. प्रामाणिक माणसाला संशयापासून वाचवणारे ते कुंपण आहे.

घराघरांतील शांती

एकत्र कुटुंबाच्या पेढीत हिशेबाचे मोल रुपयांहून अधिक असते. नवव्या शतकात महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रहा’त व्याजाच्या आणि प्रमाणशीर वाटणीच्या गणितांना स्थान दिले, वाटणीचा प्रश्न तेवढा जुना आहे. भावाभावांत बेबनाव बहुधा रकमेवरून होत नाही, ती न कळल्यावरून होतो. कोणी घरखर्चाला किती उचलले, कोणाच्या भांडवलावर किती व्याज झाले, हे प्रत्येक भागीदाराला केव्हाही पाहता आले, तर अर्धे वाद जन्मालाच येत नाहीत. आणि परिग्रहाचे परिमाण ठरवू इच्छिणाऱ्या श्रावकाला आपल्यापाशी नेमके किती आहे, हे आधी ठाऊक असावे लागते.

या दिवाळीत चोपड्यावर ‘शुभ’ आणि ‘लाभ’ लिहिताना या दोन शब्दांचा क्रमही लक्षात राहावा. लाभ मोजणारी यंत्रे बाजारात पुष्कळ आहेत. ज्या हिशेबाकडे भाऊ, भागीदार, मेहताजी आणि पुढची पिढी निःशंक मनाने पाहू शकतात, त्याच हिशेबाला शुभ म्हणावे.