पंचाहत्तर वाचकांचें पुस्तक

ग्रंथाची योग्यता त्याच्या खपावरून ठरवावी कीं नाहीं, हा वाद आपल्याकडे छापखाने निघाल्यापासून चालत आला आहे. ग्रंथकार म्हणतो, ठरवूं नये. प्रकाशक म्हणतो, ठरवावीच लागते. आणि ज्याच्या खिशावर हा सारा व्यवहार चालावयाचा तो वाचक पुस्तक शेजाऱ्याकडून मागून आणतो. या वादांत शिरण्याचा माझा हेतु नाहीं. परंतु अमेरिकेंत १९७७ सालीं निघालेल्या एका लहानशा पुस्तकाची हकीकत मला कळल्यापासून ती मनांत घोळत आहे, ती वाचकांपुढें ठेवितों. पुस्तक अडुसष्ट पानांचें. तेंही रीतसर छापलेलें नव्हे, टंकलिखित पानांच्या प्रती काढून तारेनें टांचलेलें. विषय बेसबॉलचे आंकडे. लेखक एका कारखान्यांतील रात्रपाळीचा रखवालदार. एकंदर खप पंचाहत्तर प्रती. आणि पुढें पंचवीस वर्षांनीं या पुस्तकांतून सुरू झालेल्या विचारानें त्या देशांतील एका अवाढव्य धंद्याची घडी बदलली.

बेसबॉल हा खेळ आपल्या घरांतून फारसा परिचित नाहीं, मलाही नव्हता. माझी कन्या बॉस्टन शहराजवळ राहते. तिच्याकडे आम्ही उभयतां एका उन्हाळ्यांत राहिलों असतां जांवईबापूंनीं आम्हांस तेथील फेनवे पार्क नांवाच्या मैदानावर नेलें. हें मैदान १९१२ सालचें. त्याच्या डाव्या अंगास सदतीस फूट उंचीची हिरवी भिंत आहे व तिच्या पोटांत बसलेलीं माणसें धांवांचे आंकडे अद्याप हातानें लावतात. चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार ठाणीं; फलंदाजानें चेंडू टोलवून एकेक ठाणें गांठीत पुन्हा मूळ ठाण्यावर यावयाचें, म्हणजे एक धांव झाली. तीन गडी बाद झाले कीं पाळी पालटली. अशा प्रत्येकीं नऊ पाळ्या. चेंडू टाकणाऱ्यानें चार चेंडू ठरलेल्या पट्ट्याबाहेर टाकले व फलंदाजानें त्यांस बॅट लावली नाहीं, तर तो आयताच पहिल्या ठाण्यावर जातो. यास तिकडे 'वॉक' म्हणतात. वाचकांनीं हा शब्द ध्यानांत ठेवावा, कारण पुढील सारें महाभारत त्यावरूनच घडलें.

माझें लक्ष मात्र खेळापेक्षां जांवईबापूंच्या मांडीवरील कागदाकडे होतें. ते प्रत्येक चेंडूगणिक त्यावर कांहीं टिपीत होते. चौकशी करतां कळलें कीं क्षेत्ररक्षणाच्या नऊ जागांस एक ते नऊ असे आंकडे ठरलेले आहेत. कागदावर '६-४-३' एवढेंच लिहिलें म्हणजे जाणता समजतो कीं दुसऱ्या व तिसऱ्या ठाण्यांमधील गड्यानें चेंडू उचलला, दुसऱ्या ठाण्यावरच्याकडे फेंकला, त्यानें तो पहिल्या ठाण्यावर फेंकला, आणि दोन गडी एका दमांत बाद झाले. तीनदां फसून बाद होणाऱ्यासाठीं 'के' हें एक अक्षर. तो बॅट न उचलतां नुसता पाहात राहून बाद झाला असेल तर तोच 'के' उलटा. ज्यानें लहानपणीं शिवसूत्रें पाठ केलीं आहेत आणि 'हल्' एवढ्या उच्चारांत सारीं व्यंजनें मावतात हें ज्यास ठाऊक आहे, त्यास या कागदापुढें परकें वाटण्याचें कारण नाहीं. तीन तासांचा सामना एका पानांत बसतो, आणि पन्नास वर्षांनीं तें पान वाचून तो पुन्हा उभा करतां येतो.

ही लेखनपद्धति मुख्यत्वेंकरून हेन्री चॅडविक या वृत्तपत्रकारानें वाढविली. हा मूळचा इंग्लंडांतील एक्झीटर गांवचा. जन्म ५ ऑक्टोबर १८२४. लहानपणींच तो अमेरिकेंत गेला, प्रथम क्रिकेटच्या बातम्या लिहूं लागला, व पुढें बेसबॉलच्या नादीं लागला. त्याचे वडील सावत्र बंधु एड्विन चॅडविक म्हणजे इंग्लंडांतील कष्टकरी लोकांच्या आरोग्यस्थितीवर १८४२ सालीं सुप्रसिद्ध अहवाल लिहिणारे गृहस्थ. एका भावानें गटारें व मृत्यु यांचे आंकडे मांडले, दुसऱ्यानें चेंडू व धांवा यांचे. आंकडे मांडल्यावांचून चैन न पडण्याचा रोग घराण्यांतलाच असावा!

परंतु चॅडविक क्रिकेटच्या शाळेंत वाढलेला. क्रिकेटमध्यें 'वॉक'सारखा प्रकार नाहीं. चेंडू टाकणाराच चुकला, त्यांत फलंदाजाचें कर्तृत्व तें काय, असें त्याचें मत पडलें. त्यामुळें फलंदाजाच्या सरासरींत 'वॉक' जमेसही नाहीं व खर्चींही नाहीं, अशी वहिवाट पडली. १८८७ सालचा एकच हंगाम 'वॉक' हा यशस्वी टोल्याइतकाच धरला गेला, आणि लगेच तो नियम मोडीत निघाला. नंतर सुमारें शंभर वर्षें लहान मुलापासून संघाच्या मालकापर्यंत सर्वांनीं त्याच सरासरीनें खेळाडूंचें मोल केलें. पिढ्यान्पिढ्या चालत आलेल्या मापाविषयीं कोणास शंकाच येत नाहीं. शंका मालाविषयीं येते, मापाविषयीं नव्हे.

ती शंका बिल जेम्स यास आली. योगायोग असा कीं त्याचाही जन्म ५ ऑक्टोबरचाच, मात्र १९४९ सालचा, म्हणजे चॅडविकनंतर बरोबर सव्वाशें वर्षांचा. कॅन्सस संस्थानांतील खेड्यांत तो वाढला. आई लहानपणींच वारली. इंग्रजी वाङ्मय व अर्थशास्त्र हे त्याचे विषय. गणिताची पदवी त्याच्यापाशीं नव्हती. लॉरेन्स गांवीं डुकराचें मांस व घेवड्याचे दाणे डब्यांत भरण्याचा कारखाना होता (शाकाहारी वाचकांनीं क्षमा करावी), तेथें तो रात्रीं पहारा करी व बाष्पपात्रांवर नजर ठेवी. उरलेला वेळ त्यानें वर्तमानपत्रांत येणारे सामन्यांचे तक्ते घेऊन प्रश्न विचारण्यांत घालविला.

त्याचे प्रश्न पोराटोरांनीं विचारावे असे साधे होते. समजा, एका फलंदाजानें पांचशें संधींत दीडशें यशस्वी टोले मारले. शेंकडा तीस, मोठा नामांकित खेळाडू. दुसऱ्यानें तितक्याच संधींत एकशेंतीस मारले. शेंकडा सव्वीस, सामान्य. आतां पहिल्यास 'वॉक' मिळाले वीस व दुसऱ्यास नव्वद, तर पहिला पांचशेंवीस वेळां उभा राहून एकशेंसत्तर वेळां ठाण्यावर पोहोंचला, म्हणजे शेंकडा ३२.७, दुसरा पांचशेंनव्वद वेळां उभा राहून दोनशेंवीस वेळां, म्हणजे शेंकडा ३७.३. धांवा ठाण्यावर पोहोंचणाऱ्याच्या होतात. तो कसा पोहोंचला हें धांवेस विचारावयाचें नसतें. मग सामान्य कोण व नामांकित कोण?

क्षेत्ररक्षणाच्या 'चुकां'विषयींही त्याचा असाच आक्षेप होता. हातीं आलेला चेंडू निसटला तर अधिकृत टिपणकार ती 'चूक' मांडतो. परंतु जो मंदगति गडी चेंडूजवळ पोहोंचतच नाहीं, त्याच्या हातून तो निसटणार कसा? त्याच्या नांवावर चुका कमी, म्हणून तो उत्तम! मी छत्तीस वर्षें वर्गावर काढलीं आहेत. कधींच हात वर न करणाऱ्या विद्यार्थ्याचें एकही उत्तर चुकत नाहीं. म्हणून त्यास कोणी पहिला नंबर देत नाहीं. हें वर्गांत आम्हांस कळे तें मैदानावर कळावयास एक शतक लागलें.

पुढें त्यानें आणखी एक नियम बसविला. संघानें केलेल्या धांवांचा वर्ग घ्यावा; त्यास, तो वर्ग व प्रतिपक्षाच्या धांवांचा वर्ग यांच्या बेरजेनें भागावें; येईल तितक्या प्रमाणांत संघ सामने जिंकतो. एका संघानें हंगामांत आठशें धांवा केल्या व सातशें दिल्या, तर उत्तर ०.५६६ येतें, एकशेंबासष्ट सामन्यांत सुमारें ब्याण्णव विजय. वर्गांच्या बेरजेवरून यास पायथॅगोरसचें नांव पडलें. नांवच द्यावयाचें तर बौधायनाच्या शुल्बसूत्रांचाही त्यावर तितकाच हक्क होता, पण कॅन्ससांत शुल्बसूत्रें कोठून पोहोंचणार?

असे अडुसष्ट पानें भरून प्रश्न व उत्तरें घेऊन त्यानें 'स्पोर्टिंग न्यूज' पत्रांत इंचभर जाहिरात दिली. पंचाहत्तर लोकांनीं पुस्तक मागविलें. दुसऱ्या वर्षीं अडीचशें गेलीं. दुसरा कोणी असता तर हात जोडून मोकळा झाला असता. हा दरसाल लिहीत गेला. मला यांतील मर्म असें दिसतें कीं आंकडेमोड करणारे त्यापूर्वींही होते, परंतु हा गद्यलेखक होता. त्याच्या हातीं आंकडा हा साक्षीदारासारखा येतो, उलटतपासणी होते, आणि निकाल वाचकाच्या डोळ्यांदेखत लागतो. शिवाय हे पंचाहत्तर लोक म्हणजे गर्दींतून निवडलेले होते. प्रत्येकजण स्वतःच्या घरीं हाच उद्योग गुपचुप करणारा. १९७१ सालीं कूपर्सटाउन गांवीं सोळा माणसांनीं बेसबॉलच्या संशोधनासाठीं एक मंडळ काढलें होतें; त्या मंडळाच्या आद्याक्षरांवरूनच जेम्सनें आपल्या शास्त्राचें नांवही बनविलें. या वाचकांपैकींच डॅनियल ओक्रेंट नांवाच्या लेखकानें जेम्सवर एका मोठ्या साप्ताहिकासाठीं लेख लिहिला. रूढ समजुतीविरुद्ध विधानें आहेत म्हणून तपासनिसांनीं तो अडविला. अखेर १९८१ सालीं तो प्रसिद्ध झाला, आणि १९८२ पासून जेम्सचें वार्षिक एक मोठा प्रकाशक काढूं लागला. १९८४ सालीं 'वॉक' जमेस धरणारी सरासरी अधिकृत आंकड्यांत दाखल झाली.

येथवर कथा सुखाची आहे. पुढें २००२ च्या अखेरीस बॉस्टनच्या संघानें जेम्स यास नोकरीस ठेविलें. त्या संघानें १९१८ नंतर अजिंक्यपद पाहिलें नव्हतें. २००४ सालीं, शहाऐंशीं वर्षांनीं, तें त्यास लाभलें. जांवईबापूंच्या शेजारचे वृद्ध लोक तें वर्ष आपल्याकडे पूर्वीं प्लेगचें साल सांगत तसें, फक्त उलट अर्थानें, सांगतात. परंतु एक गोष्ट त्या आनंदांत कोणी बोलत नाहीं. जो शोध पूर्वीं पंचाहत्तर अनोळखी माणसांपुढें उघडा ठेवला जाई, तो आतां मालकाच्या कपाटांत गेला. प्रत्येक संघानें आपापले गणिती नेमले, आणि एकाचें ज्ञान दुसऱ्यापासून लपविण्यांत त्यांचें वेतन सार्थकीं लागूं लागलें. खेळावरही परिणाम झाला. गणितानें सिद्ध केलें कीं जोरदार टोला मारावा, नाहींतर 'वॉक'ची वाट पाहावी. मग धांवाधांव कमी झाली, फसून बाद होणें वाढलें, आणि नऊ पाळ्यांचा सामना २०२२ सालीं सरासरीनें तीन तास चार मिनिटें चालूं लागला. शेवटीं २०२३ सालीं नियम करावे लागले: ठाणीं रिकामीं असतां पंधरा सेकंदांत चेंडू टाकलाच पाहिजे, आणि आंतील चार क्षेत्ररक्षकांपैकीं दोघे दुसऱ्या ठाण्याच्या एका बाजूस व दोघे दुसऱ्या बाजूस. त्या वर्षीं सामना दोन तास चाळीस मिनिटांवर आला. याचा दोष एकट्या जेम्सच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल. मात्र शोध करणें व शोध राबविणें या दोन निराळ्या वृत्ति आहेत, आणि मला पहिलीच अधिक प्रिय आहे.

ती पहिली वृत्ति अगदींच लोपली असें नाहीं. १९८४ सालीं, सामन्यांचा चेंडूवार तपशील अधिकृत संस्थेकडून मिळेना, तेव्हां जेम्सच्या हांकेस ओ देऊन शेंकडों हौशी लोकांनीं गांवोगांव मैदानांत बसून तो स्वतः टिपला. १९८९ सालीं डेव्हिड स्मिथ या जीवशास्त्राच्या प्राध्यापकानें 'रेट्रोशीट' नांवाची संस्था काढून जुन्या सामन्यांचे कागद मिळविण्याचा सपाटा लाविला. संघांचीं दप्तरें, वार्ताहरांचीं टिपणें, चाहत्यांच्या माळ्यावरील पेट्या, सर्व धुंडाळून तयार झालेलें तें भांडार सर्वांस विनामूल्य खुलें आहे. हें ऐकतांना मला इतिहासाचार्य राजवाडे आठवले. तेही असेच गांवोगांव हिंडले, वाळवीच्या तोंडून दप्तरें सोडविलीं, आणि १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या नांवाचे बावीस खंड बाहेर काढले. विषयांचें गौरव सारखें नाहीं, हें मान्य. धुंडाळणाऱ्याचा स्वभाव मात्र एकच.

आमच्या आळींत एक निवृत्त पोस्टमास्तर राहात. गच्चीवर पर्जन्यमापक ठेवून एकतीस वर्षें ते रोज सकाळीं पाऊस मोजीत. इंच व मिलिमीटर दोन्ही, शेजारीं नक्षत्र, आणि समासांत केव्हां बेडूक ओरडले, केव्हां विहीर भरली असली टिपणें. आम्ही कोणीं त्याकडे फारसें लक्ष दिलें नाहीं. गेल्या वर्षीं ते वारले. घर रिकामें होत असतां त्या वह्या रद्दीच्या ढिगांत दिसल्या, त्या मीं मागून आणल्या. मृगापासून स्वातीपर्यंत एकेक वर्ष उतरून काढण्याचें काम चालू आहे. अकरा वर्षें झालीं. दोन वह्यांचीं पानें ओल लागून एकमेकांस चिकटलीं आहेत. तीं वाफेवर सोडवावीं कीं अन्य कांहीं उपाय आहे, याचा कोणा वाचकास अनुभव असल्यास या मासिकाच्या पत्त्यावर अवश्य कळवावें.