हिवाळ्यातला डोंगर (भाग ४) : घरच्यांना घेऊन निघताना

मागच्या भागात गुलमर्ग आणि औलीच्या बर्फाची ओळख करून घेतली. स्कीच्या जगातली एक पद्धत मला फार मोलाची वाटते. फ्रान्समध्ये घसरायच्या प्रत्येक उताराला रंग ठरवून दिलेला असतो. नवशिक्याला हिरवा, मग निळा, मग लाल, आणि तरबेज माणसाला काळा. पहिल्यांदा आलेलं कुटुंब हिरव्या उतारावर पाय स्थिर करतं आणि मगच निळ्याकडे वळतं.

आपल्याकडे बर्फ नाही, पण हंगाम आहे. दिवाळी सरली की फेब्रुवारीपर्यंत जुन्नरचे डोंगर चालण्यासारखे असतात. आळेफाट्याच्या चौकातून कल्याणचा रस्ता धरला की ओतूर, मढ, खिरेश्वर, माळशेज. नारायणगावकडून आत शिरलं की जुन्नर, आणि पुढे चावंड, घाटघर, नाणेघाट. इतके गड इतक्या जवळ असलेला दुसरा तालुका शोधावा लागेल. पण कुठल्याच वाटेवर रंगाची पाटी नाही, म्हणून आजी-आजोबांना आणि सात वर्षांच्या पोराला घेऊन लोक थेट जीवधनच्या पायथ्याशी उतरतात. आज त्या पाट्या आपणच लावू.

हिरवा म्हणजे शिवनेरी. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांपैकी हा एक. बांधलेली वाट, एकामागून एक सात दरवाजे, दर दरवाज्यापाशी दम घ्यायला जागा. साखळीची वाट मात्र या रंगात बसत नाही, ती सोडा. १९ फेब्रुवारीच्या गर्दीत घरच्यांची पहिली चढाई ठेवू नका. मधमाश्यांनी इथे लोकांना फोडून काढल्याच्या घटना घडल्या आहेत. त्यामुळे अत्तर, धूर आणि आरडाओरडा टाळायचा, हे मुलांना खालीच सांगून ठेवा. नाणेघाटही हिरवाच, कारण घाटमाथ्यापर्यंत गाडी जाते. तिथल्या गुहेत सातवाहनांच्या राणी नागनिकेचा शिलालेख आहे आणि त्यात दानाचे आकडे ब्राह्मी अंकांत कोरलेले आहेत. पाढे शिकणाऱ्या मुलाला ते अंक शोधायला लावा. अर्धा तास तिथून हलणार नाही.

निळा चावंड. खडकात खोदलेल्या अरुंद पायऱ्या, आधाराला लोखंडी कठडा, आणि वर सात टाक्यांचा समूह. उंचीची भीती कुणाला आहे, ते इथे कळतं. ते कळणं महत्त्वाचं आहे, कारण भ्यालेल्या माणसाला ‘काही होत नाही’ म्हणून पुढे ढकलणं हा गडावरचा सगळ्यात वाईट प्रकार आहे. हडसरही सरळ वाटेने निळा. त्याची खुंटीची वाट मात्र नव्हे.

लाल जीवधन. १८१८ मध्ये इंग्रजांनी याच्या पायऱ्या सुरुंग लावून उडवल्या. मधला उभा टप्पा आजही त्याचीच साक्ष देतो. तिथे जाणता माणूस आणि दोर हवा. हरिश्चंद्रगड खिरेश्वरहून टोलार खिंडीने चढायचा तर तोही लालच धरा. वाट अवघड म्हणून नव्हे, लांब म्हणून. थकलेले पाय उतरताना घात करतात. जीवधनशेजारचा वानरलिंगी सुळका आणि कोकणातून येणारी नळीची वाट हे काळे. तिथे शिकलेल्या गिर्यारोहकांनीच जायचं.

आता सामान. एकेकाळी पायात कॅनव्हासचे हंटर, हातात तीन सेलची बॅटरी आणि खांद्यावर काथ्याचा दोर असायचा. आज हंटरच्या जागी मऊ रबरी तळव्याचे बूट आले, बॅटरीच्या जागी कपाळावरचा एलईडी दिवा. हा दिवा मला सगळ्यात मोठी सुधारणा वाटते, कारण तो दोन्ही हात मोकळे ठेवतो. बूट आणि दिवा, एवढंच विकत घ्या. बूट महाग असण्यापेक्षा त्याचा तळवा नीट पाहा. डिसेंबरनंतर वाळकं गवत उतारावर आडवं पडतं आणि खालच्या मुरमाळ घसाऱ्यावरून पाय सुटतो. पावसाळ्यातलं शेवाळ दिसतं तरी, हे गवत मात्र निरुपद्रवी वाटतं. झिजलेला तळवा इथेच फसतो.

दोर विकत घेऊ नका. तो ज्यांना वापरता येतो त्यांच्याकडूनच यावा. मात्र दोन प्रश्न विचारायचा हक्क तुमचा आहे. दोर किती जुना आहे, आणि ताणणारा आहे की न ताणणारा? चढताना पडणाऱ्याला झेलायला ताणणारा दोर लागतो, कारण तो धक्का स्वतःत जिरवतो. न ताणणारा दोर खाली उतरण्यासाठी. लहान मुलांची कंबर बारीक असते, नुसत्या कमरेच्या हार्नेसमधून ती उलटी होऊन निसटू शकतात. त्यांना खांद्यांवरूनही पट्टे येणारा हार्नेस मागा.

मुक्काम करायचा असेल तर तंबू ओढ्याकाठी लावू नका. रात्री गार हवा जड होऊन उतारावरून खाली सरकते आणि खोलगट जागेत साचते. ओढ्यापासून थोडं वर, वाऱ्याच्या आडोशाला गेलं तरी फरक जाणवतो. घामाने भिजलेला सुती बनियन झोपण्याआधी बदला. थंडीने कुडकुडणारी निम्मी मुलं ओल्या कपड्यांमुळे कुडकुडत असतात.

आणि बिबट्या. हा विषय टाळून जुन्नरच्या हिवाळ्यावर लिहिता येत नाही. याच दिवसांत ऊसतोड चालते, लपायची जागा जाते, आणि जनावर इकडून तिकडे हलत राहतं. गडावरच्यापेक्षा पायथ्याच्या शेतवाटांवर, तेही पहाटे आणि तिन्हीसांजेला, जास्त सावध राहायला हवं. मुलांना मध्ये ठेवा, मोठ्याने बोलत चला, उसाच्या कडेला कुणालाही एकट्याला बसू देऊ नका. सूर्य उगवल्यावर चढायला लागायचं आणि मावळायच्या आधी गाडीपाशी पोचायचं, असा बेत आखा. गावात आधीच सांगून ठेवलं तर उतरल्यावर कुणाच्या तरी घरी मासवडी आणि बाजरीची भाकरी तयार मिळते. ती मासवडी निवांत खाता यावी, म्हणून तरी चढाई दुपारी दोनपर्यंत आटोपा.

पुढच्या आठवड्यात : दोराच्या चार गाठी, आणि त्या मुलांना घरीच कशा शिकवायच्या.