पहिलटकरीण (भाग ७) : बाई माहेरी, कागद सासरी

ओटीभरण उरकलं की बारामतीची सून इंदापूरला निघते आणि इंदापूरची बारामतीला. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज या दोन तालुक्यांत अजून टिकून आहे आणि त्यात शहाणपणही आहे. अपरात्री हाक मारायला आई जवळ असते, दुखतंय म्हणायला संकोच वाटत नाही. घोटाळा होतो तो दुसरीकडेच. बाई माहेरी येते आणि तिचे कागद सासरच्या कपाटात राहतात.

गर्भारपणाची नोंद सासरच्या उपकेंद्रात झालेली असते, तिला ओळखणाऱ्या आशाताई तिथल्याच. कळा मात्र सुरू होतात निमगाव केतकीत, आणि रात्रपाळीच्या डॉक्टरांसमोर ती पहिल्यांदाच उभी असते. रक्तगट कोणता, हिमोग्लोबिन किती, वार खाली सरकलेली आहे का, बाळ पायाळू आहे का? या उत्तरांवर प्रसूती कुठे करायची हे ठरतं. गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं तर तो रक्तक्षय, ७ च्या खाली गेलं तर गंभीर. अशा बाईला थोडा रक्तस्रावही महागात पडतो. म्हणून बाळंतविड्याची पिशवी भरण्याआधी माता-बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफीचे रिपोर्ट, आधार आणि बँकेचं पासबुक पर्समध्ये पडायला हवं. माहेरी आल्याबरोबर तिथल्या आशाताईंना कळवायचं आणि जिथे बाळंत व्हायचं त्या दवाखान्यात निदान एक तपासणी करून घ्यायची. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. ही मोहीम २०१६ पासून चालू आहे, आणि नव्या गावात ओळख करून घ्यायला तो दिवस उत्तम.

दवाखाना निवडताना घरात चर्चा होते ती खोलीची आणि बिलाची. विचारायला हवं ते वेगळं : रात्री दोन वाजता सिझर करावं लागलं तर भूलतज्ज्ञ येतात का, आणि रक्त कुठून आणायचं? प्राथमिक आरोग्य केंद्रात सरळ बाळंतपण होतं, गुंतागुंत झाली की पुढे पाठवतात. पुढे म्हणजे इंदापूरचं उपजिल्हा रुग्णालय, बारामतीचं सिल्व्हर ज्युबिली किंवा २०१९ मध्ये सुरू झालेलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. ‘सिझरचं नाव काढू नका, अभद्र बोलू नका’ असं म्हणणाऱ्या आत्याबाई प्रत्येक घरात असतात. त्यांचा मान ठेवावा, सल्ला ठेवू नये. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या शंभरातली सुमारे पंचवीस बाळंतपणं सिझरने झालेली दिसली. चौघींतल्या एकीवर येणारी वेळ बोलून ठेवलेली बरी.

मग रस्ता. मातामृत्यूंचा अभ्यास करताना थॅडियस आणि मेन या अमेरिकी संशोधक बाईंनी १९९४ मध्ये तीन उशीर सांगितले : निघायचं ठरवण्यात होणारा, पोहोचण्यात होणारा आणि पोहोचल्यावर उपचार मिळण्यात होणारा. पहिला उशीर घरातला असतो. ‘जावयांना विचारू, मग निघू’ यात तास जातो, म्हणून निर्णय कोणी घ्यायचा ते आधीच ठरलेलं असावं. दुसरा उशीर इथे ऋतूप्रमाणे बदलतो. गाळप हंगामात भवानीनगर, माळेगाव, बिजवडीच्या कारखान्यांकडे उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या रात्रभर चालू असतात. आषाढीच्या आधी तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी करत इंदापूरला जाते, तेव्हा वाहतूकच वळवतात. त्या दिवसांत तारीख आली असेल तर पर्यायी रस्ता घरातल्या गाडीवाल्याला ठाऊक हवा. १०८ ची रुग्णवाहिका राज्यात २०१४ पासून आहे, गरोदर बाईसाठी १०२ सुद्धा. पण दोन्हींच्या जोडीला रात्री फोन उचलणारा एक शेजारी असावा.

निघायचं कधी? पहिलटकरणीला बहुधा वेळ मिळतो. सुरुवातीच्या कळा लांब-लांब येतात, पडून राहिलं किंवा चाललं की विरतात, त्या खोट्या. खऱ्या कळा कंबरेतून पोटाकडे येतात, थांबत नाहीत, जवळ येत जातात. पाच-पाच मिनिटांनी, मिनिटभर टिकणाऱ्या कळा तासभर येत राहिल्या की निघावं; गाव लांब असेल तर त्याआधीच. काही वेळा मात्र कळांची वाट पाहायची नसते : पाणी जाऊ लागलं, रक्त गेलं, बाळाची हालचाल मंदावली, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा झटका आला, तर लगेच निघायचं. पाणी हिरवट असेल तर ते दवाखान्यात पोहोचताच सांगायचं.

दवाखान्यात गेल्यावर ‘अजून तोंड उघडलं नाही’ हे ऐकून घरचे हवालदिल होतात. पिशवीचं तोंड पाच सेंटिमीटर उघडेपर्यंतचा काळ किती लांबेल याचा ठरावीक हिशेब नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये स्पष्ट केलं. तिथून पुढे पहिल्या बाळंतपणात साधारण बारा तासांच्या आत तोंड पूर्ण उघडतं, आणि जोर लावण्याचा टप्पा तीन तासांपर्यंत चालू शकतो. तोवर चालावं, कुशीवर व्हावं, पाणी प्यावं. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर उताणं पडून राहायची गरज नाही. सोबतीला बाई असू द्यावी, अशा केंद्राच्या सूचना २०१६ पासून आहेत. बाळंतपण अनुभवलेली, न घाबरणारी, पाठ चोळणारी एक बाई. दाराशी गर्दी करणारे आठ जण नव्हेत.

पैशांचं थोडक्यात. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त, जेवण आणि जाण्या-येण्याचं वाहन मोफत आहे. पहिल्या बाळासाठी पात्र आईला मातृवंदना योजनेचे पाच हजार रुपये दोन हप्त्यांत मिळतात. दुसऱ्या हप्त्याला जन्मनोंद लागते. ही नोंद बाळ जिथे जन्मलं तिथल्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत होते, २१ दिवसांत. दाखला सासरच्या गावचा मिळेल, असं धरून बसलेल्या आजोबांना हे आधी सांगावं.

घरी परतल्यावर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी बाळ पाहायला येतात. या भेटींचं मूळ गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत खेड्यातल्याच बायकांना नवजात बाळ तपासायला शिकवलं. तिथले नवजात मृत्यू साठ टक्क्यांहून अधिक घटल्याचा त्यांचा निबंध १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ मध्ये आला आणि पुढे देशभर आशाताईंच्या कामात ही पद्धत आली. पण आशाताई येतात त्या त्यांच्या यादीतल्या घरी. पहिलटकरीण सव्वा महिना माहेरी असताना तिचं नाव सासरच्याच यादीत राहिलं, तर सहाही भेटी रिकाम्या घरी होतात.

(पुढील भागात : पहिला तास आणि चिकाचं दूध)