आठशेच्या पुढे काय? ललिता बाबरची ३,००० मीटरची गोष्ट

गाडीत नेटवर्क गेलं म्हणून ज्यांचा एपिसोड अर्धा राहिला, त्यांच्यासाठी हे लिखित रूप.

मागच्या आठवड्यात खालापूर तालुक्यातल्या एका मुलीची व्हॉइस नोट आली. "ताई, मी भरतीसाठी आठशे मारते. पण मला लांब पळायला जास्त जमतं. त्यात करिअर असतं का, की नुसता टी-शर्ट आणि मेडल?"

प्रश्न झकास आहे. आपल्या कर्जत-खोपोली पट्ट्यात पहाटे बाहेर पडा, रस्त्याकडेला पळणारी पोरं-पोरी दिसतातच. आणि सगळ्यांच्या डोक्यात पोलीस भरतीचे आकडे: मुलांना १६००, मुलींना ८००. त्यापुढचं अंतर कोणी मोजतच नाही. म्हणून आज ललिता बाबर.

ललिता साताऱ्याची. माण तालुक्यातलं मोही तिचं गाव, पाऊस रुसलेला भाग. २००५ मध्ये पुण्यात २० वर्षांखालच्या राष्ट्रीय स्पर्धेत तिनं सुवर्णपदक मिळवलं, तेव्हा ती सोळा वर्षांची होती. पुढे ती रेल्वेकडून धावू लागली आणि मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिली येण्याची हॅटट्रिक केली. जानेवारी २०१५ मध्ये तिची वेळ होती २ तास ३८ मिनिटं २१ सेकंद.

म्हणजे किती? कर्जत ते खोपोली रेल्वेनं १५ किलोमीटर. या वेगानं ती पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी करत खोपोलीला साधारण ५६ मिनिटांत पोचेल. मॅरेथॉन पुरी व्हायला तिथून परत कर्जत आणि पुन्हा पार लौजीच्या आसपासपर्यंत, त्याच वेगानं! आपण तर कर्जतला खोपोली गाडी चुकली की पुढच्या गाडीची वाट बघत बसतो.

आता खरा मुद्दा. महिला मॅरेथॉनचा तेव्हाचा जागतिक विक्रम होता पॉला रॅडक्लिफचा, २ तास १५ मिनिटं २५ सेकंद. म्हणजे देशात पहिली येणारी ललिता जगात जवळपास २३ मिनिटं मागे होती. पण ललिता त्याआधीपासूनच दुसरी एक शर्यतही पळत होती. ३,००० मीटर स्टीपलचेस.

स्टीपलचेस म्हणजे ट्रॅकवर धावताना २८ वेळा अडथळा आणि ७ वेळा पाण्याचा खड्डा. महिलांसाठी अडथळा ७६.२ सेंटिमीटर उंच, आणि तो साध्या हर्डलसारखा पाय लागला की पडत नाही. पाय लागला तर तुम्ही पडता. महिलांची ही शर्यत तशी नवी: जागतिक स्पर्धेत २००५ पासून, ऑलिम्पिकमध्ये २००८ पासून. जिथे इतरांची परंपराही फार जुनी नाही, तिथे दम असलेल्या मुलीला जागा मिळू शकते. मला तरी तिचं गणित असंच दिसतं.

२०१४ च्या इंचिऑन आशियाई स्पर्धेत ब्राँझ, २०१५ मध्ये वुहानला आशियाई अजिंक्यपद आणि बीजिंगच्या जागतिक स्पर्धेत आठवी. रिओसाठी मॅरेथॉन आणि स्टीपलचेस दोन्हींची पात्रता हातात होती. तिनं स्टीपलचेस घेतली. प्राथमिक फेरीत ९ मिनिटं १९.७६ सेकंद, तेव्हाचा राष्ट्रीय विक्रम. १५ ऑगस्ट २०१६ ला ती अंतिम फेरीत धावली. १९८४ च्या पी. टी. उषानंतर ऑलिम्पिकमध्ये ट्रॅकच्या वैयक्तिक शर्यतीत प्राथमिक फेरी पार करून अंतिम फेरीत पोचलेली पहिली भारतीय महिला. दहावी आली. पहिल्या आलेल्या रुथ जेबेटच्या किती मागे? २३ सेकंद.

मॅरेथॉनमध्ये २३ मिनिटं, इथे २३ सेकंद. अंतर वेगळं आहे, मान्य. पण किलोमीटरमागे काढलं तरी ३३ सेकंदांची तफावत ८ सेकंदांवर येते. माणूस तोच, पाय तेच.

आणि आठशेवाल्यांसाठी: ९:१९ म्हणजे दर ८०० मीटर सरासरी २ मिनिटं २९ सेकंदांत, पावणेचार वेळा, न थांबता, उड्या मारत. तुमची वेळ तुम्हाला माहीत आहे.

बरं, पैशाचं काय? आपल्याकडे लांब पळण्याचं करिअर बक्षिसांपेक्षा नोकरीवर उभं असतं. ललिताला रेल्वेनं सांभाळलं, नंतर राज्य सरकारनं उपजिल्हाधिकारी केलं. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत बघा. २०१० मध्ये १०,००० मीटरला दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ब्राँझ, ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. नोकरी ओएनजीसीत. पण राज्य सरकारच्या नोकरीत आपल्याला डावललं गेलं, असं तिनं २०२४ मध्ये जाहीरपणे सांगितलं. म्हणजे पदक मिळालं की पुढचं सगळं आपोआप होतं, असं समजू नका.

तर खालापूरच्या ताई, तुला माझं सांगणं: भरतीची तयारी सोडू नकोस. पोलीस दलातही खेळाडू असतात, पगार चालू असतो. पण एकदा ३,००० मीटर पळून बघ. रस्त्यावरच्या किलोमीटरच्या दगडांवर विसंबू नकोस, मोबाइलचं जीपीएसही झाडीत आणि घाटात थापा मारतं. ४०० मीटरचा आखलेला ट्रॅक मिळाला तर साडेसात फेऱ्या. कॉलेजच्या क्रीडा शिक्षकांना जिल्हा निवड चाचणीची तारीख विचारून ठेव. आणि काय वेळ आली त्याची व्हॉइस नोट टाक, चांगली असो वा वाईट. पुढचं त्यावरून बोलू.