मूर्ती अस्सल, कागद बनावट

कॅनबेरा येथील ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने २००८ साली नटराजाची एक चोळकालीन कांस्यमूर्ती न्यूयॉर्कमधील विक्रेता सुभाष कपूर याच्याकडून ५० लाख अमेरिकी डॉलर मोजून विकत घेतली. मालाविषयी शंका नव्हती. मूर्ती अस्सल होती. शंका घ्यायला हवी होती ती विकणाऱ्याच्या मालकीविषयी.

सोबतच्या कागदांनुसार ही मूर्ती एका परदेशी राजनैतिक अधिकाऱ्याने दिल्लीत विकत घेतली होती आणि १९७२ पूर्वीच ती देशाबाहेर गेली होती. हा काळ सहज निवडलेला नव्हता. शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती खासगी व्यक्तीने परदेशी नेण्यास पूर्ण मनाई करणारा आपला पुरावस्तूविषयक कायदा १९७२ चा आहे.

प्रत्यक्षात मूर्ती तमिळनाडूच्या अरियलूर जिल्ह्यातील श्रीपुरंदन गावच्या मंदिरातून २००६ साली चोरीस गेली होती. मंदिर कुलूपबंद असे. त्यामुळे चोरी उघडकीस आली तीच मुळी कलादालनाची खरेदी झाल्यावर. तक्रारच नसल्याने चोरीच्या कलावस्तूंच्या आंतरराष्ट्रीय नोंदवहीत तिचा उल्लेख सापडणे शक्यच नव्हते. गाळा तारण ठेवायचा म्हटले तर बँकेची साधी शाखाही तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट मागते. येथे मात्र दोन-चार पत्रांवर भागले.

हा बनाव उघडा पडला तो एका छायाचित्रामुळे. पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेच्या संग्रहात हीच मूर्ती १९९४ साली त्याच मंदिरात असल्याचे चित्र होते. जी मूर्ती १९९४ मध्ये गावात उभी होती, ती १९७२ पूर्वी परदेशी गेली कशी?

व्यापाऱ्यांना यातील कायदा परिचयाचा आहे. विकणाऱ्याजवळ जेवढा हक्क, तेवढाच घेणाऱ्याला मिळतो. आपल्या १९३० च्या मालविक्री अधिनियमाच्या कलम २७ चे मूळ सूत्र हेच. दाम चोख दिले म्हणून चोरीचा माल आपला होत नाही. शिवाय, परदेशातून बेकायदा बाहेर काढलेली वारसावस्तू ऑस्ट्रेलियात आणल्यास ती जप्त करण्याची तरतूद तेथील १९८६ च्या कायद्यात आहे. कलादालनाने विक्रेत्याविरुद्ध न्यूयॉर्कच्या न्यायालयात दावा लावला. पुढे सप्टेंबर २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी दिल्लीत येऊन मूर्ती भारताच्या स्वाधीन केली. कपूरला २०११ साली जर्मनीत अटक झाली होती. कुंभकोणमच्या न्यायालयाने २०२२ मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा सुनावली.

त्याहून दूरगामी ठरला कलादालनाने २०२१ मध्ये स्वीकारलेला निकष. चोरी निःसंशय सिद्ध होण्याची वाट न पाहता, ती झाल्याची शक्यता अधिक दिसली तरी वस्तू संग्रहातून काढायची. फौजदारी खटल्याचे माप सोडून दिवाणी दाव्याचे माप त्याने घेतले आणि १४ कलाकृती परत करण्याचे ठरविले. मार्च २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियाने भारताला २९ प्राचीन वस्तू परत केल्या. त्यांत जैन परंपरेच्या वस्तूही होत्या.

छायाचित्राचे हे महत्त्व १९७२ च्या कायद्याने आधीच ओळखले आहे. पिढीजात धातुप्रतिमा किंवा सचित्र पोथ्या पुरावस्तूंच्या व्याख्येत बसत असतील, तर घरात ठेवलेल्यांचीही नोंदणी करावी लागते आणि अर्जासोबत छायाचित्रे जोडावी लागतात. नोंदलेली वस्तू दुसऱ्याच्या हाती गेली, मग ती विक्रीने असो वा एखाद्या संग्रहालयास दिलेल्या दानाने, तरी नोंदणी अधिकाऱ्यास तसे कळवावे लागते.