गुणकाने मोजलेली शर्यत

मुंबईतल्या रस्ते अपघातात २०११ मध्ये डावा पाय गमावलेली मानसी जोशी २०१९ मध्ये बासेलला पॅरा-बॅडमिंटनची जगज्जेती झाली. पण पुढच्याच टोकियो पॅरालिम्पिकमध्ये तिच्या एसएल-३ गटाची महिला एकेरी कार्यक्रमातच नव्हती. ती आली २०२४ मध्ये, पॅरिसला. अपंगत्वानुसार गट बारीक पाडले की लढत बरोबरीची होते, मात्र प्रत्येक गटात खेळाडू मोजक्याच उरतात, आणि महिलांमध्ये ही टंचाई आधी जाणवते. या पेचावर अल्पाइन स्कीइंगने काढलेला तोडगा मला अधिक न्याय्य वाटतो.

तिथे २००६ च्या तुरिन पॅरालिम्पिकपासून पदकांसाठी तीनच विभाग आहेत: उभ्याने, बसून आणि दृष्टिबाधित. उभ्याच्या विभागात एका पायावर, एकाच स्कीवर उतरणारी आणि गुडघ्याखाली कृत्रिम पाय लावून दोन स्कींवर उतरणारी एकाच पदकासाठी झुंजतात. दोघींच्या अडचणी निराळ्या. वळताना शरीराचा बराचसा भार बाहेरच्या पायावर येतो. एकच पाय असेल तर एका दिशेच्या वळणाला स्कीची अंगठ्याकडची धार मिळते, दुसऱ्या दिशेला करंगळीकडची, आणि त्या बाजूने भार पेलणे फार कठीण. तोल सांभाळायला हातात टोकाशी छोटी स्की लावलेल्या कुबड्या असतात. कृत्रिम पाय लावणारीला दोन्ही स्की मिळतात, पण घोट्याची लवचीकता आणि पायाला होणारी बर्फाची जाणीव गमावलेली असते. म्हणून प्रत्येकीची वेळ तिच्या अपंगत्वाच्या वर्गाला ठरवलेल्या गुणकाने गुणतात. गुणक ०.९० धरला, तर ६० सेकंदांचे ५४ होतात. दाट वळणांची स्लालम आणि मोजक्या वळणांची डाउनहिल यांचे गुणकही वेगळे असतात.

आक्षेप येतो तो असा की, मग शर्यत उतारावर नव्हे, कागदावर जिंकली जाते. पण गटांच्या सीमारेषाही कागदावरच आखलेल्या असतात. एकाच गटात कुणाचा पाय गुडघ्याच्या जरा खाली कापलेला असतो, कुणाचा घोट्याजवळ, आणि तो फरक तिथे शून्य धरला जातो. गुणक निदान प्रत्यक्ष शर्यतींच्या निकालांवरून तपासता, बदलता येतो. तो चुकीचा असू शकतो, हे खरे. त्यासाठी निकालांची नोंद चोख हवी. बॅडमिंटनला हा उपाय लागू नाही, तिथे समोरासमोरची लढत असते. पण दादरच्या महात्मा गांधी जलतरण तलावात दिव्यांग मुलींची शर्यत ठेवताना वेगवेगळ्या गटांतल्या चौघीच आल्या, तर त्यांच्या वेळांना गुणक लावता येतो आणि ती रद्द करण्याचे कारण उरत नाही.